फक्कीचा गोल

माझा भाऊ गहिनीनाथ पायलट होता, असं सांगितलं की लोक डोळे मोठे करतात आणि विचारतात, "म्हणजे जेट चालवायचा?" नाही. उसावर औषध फवारायचं विमान चालवायचा. हे ऐकलं की त्यांचे चेहरे उतरतात. त्या उतरलेल्या चेहऱ्यांचा मला अजून राग येतो. जेटवाल्याला चुकलं तर सावरायला अख्खं आभाळ असतं. आमचा गहिनीनाथ उसाच्या शेंड्यांना चाक लागेल इतक्या खालून जायचा, समोर विजेच्या तारा, बांधावर बाभळी, आणि खाली झेंडा धरून उभा असलेला माणूस. तरी गावातली टवाळ पोरं त्याला "फवारा पायलट" म्हणायची. तो हसायचा. मी नाही हसायची.

आमचं गाव कोल्हार आणि बेलापूरच्या मधलं, पाटपाण्याचं, उसाचं. उसावर पाकोळी, म्हणजे रस शोषणारी कीड, पडायला लागली तेव्हा फवारणीची कंपनी आली. गहिनीनाथ मॅट्रिक होऊन घरी बसला होता, तो औषधाचे पिंप भरायला लागला. तिथून इंजिनापाशी गेला, इंजिनापासून पायलटच्या शेजारी जाऊन बसला, आणि पुढं लायसनची परीक्षा पास होऊनच घरी आला. आमचे वडील आसाराम, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, त्यांनी पेढे काही वाटले नाहीत. "कुनब्याच्या पोरानं जिमिनीवर पाय ठिवावा," एवढंच म्हणाले. पण विमान मळ्यावरून गेलं की औत थांबवून, कपाळावर हात धरून ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहायचे. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, म्हणून तर पुढचं गिळवत नाही.

साखर कारखान्यानं विमानासाठी माळावर धावपट्टी केली होती. धावपट्टी म्हणजे रोलर फिरवलेला मुरूम, दुसरं काही नाही. गहिनीनाथ उडायच्या आधी ती सगळी पायी फिरायचा, दगड वेचायचा, शेळ्या हाकलायचा. "पायलट का गुराखी?" असं लोकांनी विचारलं की म्हणायचा, "दोन्ही."

एकाहत्तर साल होतं. लढाईची बोलणी घरोघर चालली होती आणि आभाळात जेटची ये-जा वाढली होती. लांब माळरानात त्यांची निशाणं होती, तिथं नेम धरायचा सराव चालायचा. जेट डोक्यावरून गेलं की गुरं दावी तोडायची, कोंबड्या अंडी घालेनात अशी बायकांची तक्रार. गहिनीनाथ मात्र काम टाकून बाहेर यायचा. "पुष्पे, बघ, कसा वळवला!" त्याला त्या लोकांचा हेवा नव्हता, कौतुक होतं.

त्या साली कारखान्याचे चेअरमन आबासाहेब यांच्या डोक्यात आलं, दसऱ्याला विमानाची पूजा करायची. आमच्याकडं दसऱ्याला औतापासून शिलाई मशीनपर्यंत सगळ्याची पूजा होते, मग विमानाची का नाही? इथवर ठीक होतं. पण आबासाहेबांना पूजेला मंत्री हवे होते, आणि मंत्री हेलिकॉप्टरनं यायला हवे होते. हेलिकॉप्टर उतरायला जमिनीवर पांढरा गोल लागतो हे त्यांनी कुठंतरी बघितलं होतं. नाकापेक्षा मोती जड, तसा त्यांनी धावपट्टीच्या मधोमध फक्कीचा हा एवढा गोल काढून घेतला. एकानं भागेना म्हणून आत दुसरा काढला, त्याच्या आत तिसरा. आम्हा बायकांना रांगोळी घालायला बसवलं. मी स्वतः बाहेरच्या गोलाच्या कडेनं कोयऱ्या काढल्या. शोभा आली होती, खोटं का बोलू?

मंत्री आलेच नाहीत. निरोप आला. आबासाहेबांचं तोंड कडू झालं, पण माणसं जमली होती, शिरा शिजला होता. विमानाला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, आणि आबासाहेब म्हणाले, "गहिनीनाथ, एक चक्कर मारून दाखव लोकांस्नी." पिंपात औषधाऐवजी साधं पाणी भरलं. दादा पुढच्या रांगेत, नवा पटका बांधून उभे होते.

विमान धावत आलं, गोलावरून गेलं, चाकं जमिनीवरून उचलली. तेवढ्यात नदीच्या अंगानं जेट आलं. आधी दिसलं आणि आवाज मागून आला. ते सरळ त्या गोलावर नाक खाली करून येत होतं. लोक शिऱ्याच्या पत्रावळी टाकून मातीत पडले. जेटवाल्याला आमचं विमान शेवटच्या घटकेला दिसलं असणार, कारण त्यानं एकदम वर घेतलं आणि गहिनीनाथच्या डोक्यावरून निसटला. धक्का लागला नाही. पण त्या वाऱ्यानंच आमचं विमान पालथं व्हायला आलं, एक पंख खाली गेला आणि ते पलीकडच्या उसात घुसलं. ऊस पुरुषभर उंच होता म्हणून माझा भाऊ जगला. कपाळातून रक्त गळत तो सऱ्यांतून चालत बाहेर आला. आणि पहिलं काय म्हणाला, तर "खाली कुनाला लागलं का?"

त्याच संध्याकाळी एक जीप आली. जेटचा पायलट होता, परप्रांतातला, पंचविशीचा पोरगा. गहिनीनाथचे दोन्ही हात धरून हिंदीत म्हणाला, "भाई, मैं रास्ता भटक गया था। नीचे सफेद गोला देखा, मुझे लगा वही निशाना है।" निशाण असंच असतं म्हणे, पांढऱ्या गोलात पांढरा गोल. त्याच्याजवळ दारूगोळा नव्हता, नुसता सराव होता, म्हणून आज मी हे सांगायला आहे. आपली चूक कबूल करायला तो इतक्या लांब आला. मला तो माणूस आवडला.

मग आम्ही तिघं गोल दाखवायला धावपट्टीवर गेलो, तर गोल नाही! दुपारीच आबासाहेबांनी बैल आणून कुळव फिरवला होता, वर टँकरनं पाणी मारलं होतं. माझ्या कोयऱ्याही गेल्या. नुसता ओला मुरूम. जेटवाला गहिनीनाथकडं बघायला लागला आणि गहिनीनाथ माझ्याकडं.

चौकशी कारखान्याच्या गेस्ट हाउसमध्ये झाली. मुंबईहून साहेब आले होते. मामला एवढाच होता: पट्टीवर गोल होता असं ठरलं, तर दोष गोल काढणाराचा. नव्हता असं ठरलं, तर आभाळ न बघता, तेही कामाशिवाय नुसता तमाशा करायला विमान उडवल्याचा ठपका गहिनीनाथवर, आणि त्याचं लायसन जाणार. जेटवाल्यानं गोल होता असं सांगितलं. गहिनीनाथनं सांगितलं. साहेब म्हणाले, "दोघं आधी भेटला होतात ना? मग बोलणं जुळणारच." माणूस माणुसकीनं भेटायला आला, तेच दोघांच्या अंगाशी आलं!

मग गाव. सगळ्या गावानं तो गोल ओलांडून शिरा खाल्ला होता. एकेक जण आत जायचा आणि "म्या न्हाई बघितला, साहेब" म्हणून बाहेर यायचा. कारण सांगायला नको. गळीत हंगाम तोंडावर आला होता. ऊसतोडीची पाळी चेअरमनच्या हातात. त्यांचं मन फिरलं की तुमच्या फडाला टोळी येत नाही, ऊस उभा राहतो, तुरे येतात, वाळतो, आणि तुम्ही बांधावर बसून बघायचं. शेजाऱ्यांची तोंडं शिवली गेली हे मी समजून घेतलं. शिव्या दिल्या, पण समजून घेतलं.

शेवटी दादांना बोलावलं. मी व्हरांड्यात खिडकीशी उभी होते. मला वाटलं, आता सुटला माझा भाऊ. साहेबांनी विचारलं, "आसाराम, पट्टीवर पांढरा गोल होता?"

दादांनी पटका काढून मांडीवर घेतला. आबासाहेब समोरच खुर्चीवर पान खात बसले होते.

"न्हाई, साहेब. गोल न्हवता."

साहेबांनी गहिनीनाथला विचारलं, साक्षीदाराला काही विचारायचंय का. गहिनीनाथ दादांकडं बघत होता. दादा पटक्याकडं.

"न्हाई," तो म्हणाला.

का नाही विचारलंस रे? मी तिथंच ओरडले. खिडकीतून ओरडले, "गोल होता साहेब! या हातांनी रांगोळी घातलीय मी त्याला!" आबासाहेब नुसते हसले. "बहीनच हाय, साहेब. ती म्हननारच." साहेबांनी मान हलवली आणि पुढचं नाव घेतलं. बापाची साक्ष खरी आणि बहिणीची खोटी! कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा मी खिडकीतून बघत होते.

लायसन गेलं. डिसेंबरात लढाई झाली, गाव रेडिओभोवती बसून जेटच्या बातम्यांना टाळ्या वाजवत होतं, आणि ज्याचे हात त्या जेटवाल्यानं धरले होते तो गहिनीनाथ विहिरीत उतरून पाण्याची इंजिनं दुरुस्त करत होता. पुढं सारी वर्षं त्यानं तेच केलं. आबासाहेबांबद्दल बोलला नाही, दादांबद्दल तर नाहीच. त्यांच्याच घरात राहिला, त्यांच्याच ताटाला ताट लावून जेवला. त्याचा हा शहाणपणा मला कधी पटला नाही. विमान वरून गेलं की तो मात्र विहिरीतून बाहेर येत नसे.

त्या हंगामात पहिली टोळी आमच्या फडाला आली. ऊस तुटला, बैलगाड्या भरल्या, कारखान्याला गेल्या. वजन चांगलं भरलं.

मी माहेरी गेले की प्रत्येक खेपेला दादांना एकच विचारायची, गहिनीनाथसमोर, सुनांसमोर, आल्यागेल्यासमोर. "दादा, गोल होता का नव्हता?" ते उठून गोठ्यात जायचे. लोक म्हणायचे, पुष्पावती, बापाला किती छळशील? मी म्हणायची, उत्तर देईपर्यंत.

दादा शेवटचे अंथरुणाला खिळले तेव्हा गहिनीनाथ त्यांचे पाय चेपत बसला होता. मी दारातून आत आले. या खेपेला विचारायचं नाही असं मी ठरवलं होतं. मला बघून दादाच बोलले.

"हुता गं बाई. गोल हुता."

गहिनीनाथचे हात थांबले.

"पन ऊस बी हुता," दादा म्हणाले, आणि भिंतीकडं तोंड केलं.