साहेबांचा रुसवा

शिंपीमास्तरांना ऐकू कमी येतं हे गिऱ्हाइकांना ठाऊक नव्हतं, कारण मास्तरांच्या कानांना चार पाय होते. दारात कोणी आलं की ‘साहेब’ हा त्यांचा कुत्रा त्यांच्या पावलावर पंजा ठेवी, आणि फोन वाजला की पायजमा ओढी. पण स्वारी भलती मानी! आंघोळ घातली की दिवसभर कामावर बहिष्कार.

नेमकी आज मास्तरांनी त्याला आंघोळ घातली आणि तासाभरात लेकीला बाळंतपणासाठी दवाखान्यात न्यावं लागलं.

“मुहूर्त बरा शोधलात!” निघताना बायको ओरडली. “फोन करते. उचला म्हणजे झालं!”

मास्तर दर दोन मिनिटांनी रिसीव्हर कानाला लावू लागले. मग लक्षात आलं, आपणच लाइन अडवून बसलोय! घाबरून त्यांनी तो ठेवला आणि हात जोडले. “साहेब, चुकलो. बिस्किट घ्या.”

साहेबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

मास्तरांनी सदऱ्याला बाही उलटी जोडली, उसवली, पुन्हा उलटीच जोडली. तेवढ्यात पायजम्याला हिसका बसला. मास्तरांनी झडप घालून रिसीव्हर उचलला, तर पलीकडून बायको ओरडत होती,

“नात झाली हो! दोघी सुखरूप!”

मास्तर डोळे पुसत वळले, तर साहेब पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसले होते. बिस्किट मात्र गायब होतं.