लाल पेन्सिलीची वही

आमच्या घरात बायकोनं नवऱ्याची चूक काढायची नाही, असा रिवाज होता. त्यामुळे मी त्यांना इंग्रजी शिकवलं ते वहीतून.

मी मॅट्रिक झालेली. त्यांची शाळा इंग्रजी तिसरीतच सुटलेली. देहूरोडला लष्कराच्या गोदामात ते पेट्या वाहत. तिथेच कारकुनाची एक जागा निघणार होती आणि तिच्या परीक्षेत इंग्रजीचा पेपर होता. काल काय घडलं, आधी गाडी आली की आधी माल लावून झाला, असं लिहून दाखवायचं. म्हणजे भूतकाळ पक्का हवा. ओझ्यानं त्यांची पाठ गेली होती, छातीही बरी नव्हती. टेबलाशी बसायला मिळालं तर माणूस टिकेल, एवढंच माझ्या मनात होतं.

चिंचवडची आमची खोली एकच. मध्ये पडदा, पलीकडे सासूबाई. त्या रावेतच्या, जुन्या वळणाच्या. पहिल्याच दिवशी मी हळू आवाजात काही समजावू लागले, तर पडद्याआडून आवाज आला, "बायकू शिकविती आन् बाप्या ऐकतोय व्हय?"

"न्हाई आये, पोथी वाचतीय ती," हे म्हणाले.

"विंग्रजीत?"

त्यानंतर वही आली. सकाळी सायकल काढण्यापूर्वी ते पाच वाक्यं लिहीत आणि वही फडताळात ठेवत. दुपारी मी लाल पेन्सिलीनं तपासून ती परत तिथेच ठेवी. संध्याकाळी ते वही उघडत आणि पडद्याकडे पाठ करून पुटपुटत, "काय मास्तरीणबाई, आज किती मारलंत?"

त्यांना 'हॅड' जमत नसे. दोन गोष्टी होऊन गेल्या असतील तर त्यातली आधीची कोणती, ते 'हॅड' सांगतो, असं मी समासात लिहून दिलं. खाली व्याकरणाच्या पुस्तकातलं नेहमीचं उदाहरण: डॉक्टर येण्यापूर्वी रोगी मेला होता. त्यावरून त्यांनी पानंच्या पानं भरली. पोलीस येण्यापूर्वी चोर पळाला होता. मदत येण्यापूर्वी गुरं वाहून गेली होती. रोज कुणी मरे, कुणी पळे. हळूहळू मी मजकूर वाचायचा सोडला. नुसती क्रियापदं वाचू लागले.

पावसाळ्यात परीक्षा झाली. ते पास झाले, टेबल मिळालं. पौषात अंथरुणाला खिळले.

पुस्तकातल्यासारखं झालं नाही. डॉक्टर वेळेवर आले, पुढेही बरेच दिवस येत राहिले. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "रक्त पहिल्यांदा कधी पडलं?"

"परवा," मी म्हणाले.

"चैत्रात," हे म्हणाले.

पिंपरीला औषधांचा कारखाना तेव्हा नुकताच सुरू झाला होता. पूर्वीसारखं राहिलं नाही, आता या रोगावर औषधं आहेत, असं डॉक्टर म्हणाले. पण चैत्रातच यायला हवं होतं.

डॉक्टर गेल्यावर मी यांना विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की. वहीत." त्यांना धाप लागली होती. "आईच्या कानावर घालायचं नव्हतं. गोदामात कळलं असतं तर परीक्षेला बसू दिलं नसतं. तू काही बोलली नाहीस. वाटलं, परीक्षेपर्यंत गप्प राहायचं तूही ठरवलंस." मग जरा हसून म्हणाले, "तसंच ना?"

"हो," मी म्हणाले. "तसंच."

माघात ते गेले. तेराव्यानंतर, सासूबाई रावेतला भावाकडे गेल्या तेव्हा, मी वही काढली. चैत्रातलं पान सापडायला वेळ लागला नाही. तिसरं वाक्य: काल गोदामात पोचण्यापूर्वी मला खोकल्यातून रक्त पडलं होतं. त्यात त्यांनी 'हॅव' लिहिलं होतं. मी ते खोडून वर 'हॅड' लिहिलं होतं. लाल अक्षर ठसठशीत आहे.

खाली दुसऱ्या दिवशीची वाक्यं आहेत. त्यातलं पहिलं: काल मी घरी येण्यापूर्वी माझ्या बायकोनं माझी वही वाचली होती.

त्यात एकही चूक नाही. मी बरोबरची खूण केली आहे.