सर्वपित्रीचं पान आणि सुळा मोडलेला हत्ती

अन्याय झाला तो एका हत्तीवर. गेल्या सर्वपित्री अमावास्येला, भर दुपारी, केनियातल्या एका सफारी कॅम्पच्या तंबूसमोर. त्याचा डावा सुळा अर्ध्यात मोडलेला होता, त्यामुळे तिथले सगळे त्याला लांबूनच ओळखायचे. अन्याय करणारा माझा सख्खा मामा. हॅम्बर्गला विमानांच्या सॉफ्टवेअरवर काम करतो, रस्ता रिकामा असला तरी लाल दिव्याला थांबतो, पांढरी काच आणि हिरवी काच वेगळ्या डब्यांत टाकतो. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे वाचताना तुम्ही एखादा बेफिकीर, माजलेला पर्यटक शोधाल. तसा कोणी नव्हता.

मी बर्लिनला शिकते आणि उरलेल्या वेळात प्राण्यांच्या हक्कांची पत्रकं लिहिते, छापते, स्टेशनाबाहेर उभी राहून वाटते. सफारी म्हणजे पैसेवाल्यांची जीपमधून केलेली घुसखोरी, असं एक पत्रक माझंच. त्यामुळे मामाने तिकिटाचं विचारलं तेव्हा मी सरळ नाही म्हटलं.

"एकदा बघून ये आणि मग शिव्या घाल," मामा म्हणाला. "न बघता शिव्या तर आमचा टीमलीडही घालतो."

मग गेले. मामा, मामी, नुकतीच शाळा संपवून मोकळी झालेली मामेबहीण आणि मी.

पहिल्या सकाळी तंबूचा पडदा बाजूला केला आणि समोर काहीच नव्हतं. म्हणजे गवत होतं, पण ते संपत नव्हतं. जर्मनीत नजर कुठे ना कुठे अडतेच. घर येतं, पवनचक्की येते, ओळीने लावलेली झाडं येतात. इथे ती सुटली ती परत आलीच नाही. मग लांबची काही झाडं चालायला लागली आणि कळलं की ते जिराफ आहेत. चघळता चघळता त्यांनी आमच्याकडे बघितलं, चाळीत नवीन बिऱ्हाड उतरताना शेजारी बघतात तसं. मामेबहीण एरवी मामीच्या प्रत्येक मराठी वाक्याला जर्मनमध्ये उत्तर देते. त्या सकाळी मामीने चहाला हाक मारली तर तिने नुसतं जिराफांकडे बोट केलं. माझ्या पत्रकात घुसखोरी हा शब्द होता, पण आपण किती लहान आहोत यासाठी शब्द नव्हता.

हे रान सरकारी नाही. जमीन तिथल्या गुराखी कुटुंबांची आहे. त्यांनी ती जनावरांसाठी मोकळी ठेवलीय आणि कॅम्प त्यांना भाडं देतो. मध्ये कुंपण नाही. रान जिथे संपतं तिथे त्यांची घरं, शेळ्या आणि मक्याच्या कोठ्या. कॅम्पची प्रमुख त्यांच्यातलीच एक उंच, मोठ्याने हसणारी बाई. आल्या आल्या तिने एकच नियम सांगितला: तंबूत खायचं काही ठेवायचं नाही. असेल ते स्वयंपाकघरातल्या पत्र्याच्या पेटीत द्यायचं.

मामीने बॅगा उघडल्या. चिवडा, शंकरपाळे, मेतकूट, लिंबाचं लोणचं. पेटी भरत चालली तशी ती बाई हसत विचारायला लागली, "आमचं जेवण आवडणार नाही असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

"जा, गेनाऊ," मामेबहीण पुटपुटली. अगदी बरोबर बोलतेय, असं.

मामाने गूळ दिला नाही. छोटीशी ढेप, रुमालात बांधलेली. आजोबा रोज जेवणानंतर गुळाचा खडा खायचे, म्हणून सर्वपित्रीच्या पानात गूळ हवाच. हॅम्बर्गला मामा दरवर्षी बाल्कनीत पान ठेवतो. तिथे कावळ्याआधी बंदरावरचे सीगल येतात आणि मामा म्हणतो, आपल्या पितरांना समुद्राची हवा मानवलेली दिसतेय.

"अहो, पेटीत द्या म्हणाली ना ती," मामी म्हणाली.

"खायचं म्हणाली. गूळ काय जेवण आहे?"

अमावास्येच्या दुपारी मामाने जेवणाच्या तंबूतून भात आणि केळं आणलं, पानाऐवजी कागदी बशी घेतली, गूळ ठेवला, वर काळे तीळ. तंबूपुढच्या गवतात बशी ठेवून दक्षिणेकडे तोंड करून हात जोडले. आम्ही मागे ओट्यावर खुर्च्या टाकून बसलो. तिथला कावळा पांढऱ्या छातीचा असतो. तो आला, काटेरी झाडावर बसला, मान वाकडी करून बघितलं आणि खाली उतरेना.

"तुझ्या आजोबांची काहीतरी इच्छा राहिलीय," मामा मला म्हणाला. "तू मोर्चे सोडून परीक्षेला बसावंस, ही असणार."

मी उत्तर देणार होते, तेवढ्यात कावळा उडाला.

हत्तीचा आवाज आलाच नाही. हे मला अजून पटत नाही. एवढं मोठं काही चालत येतं आणि गवत फक्त सुस्कारा सोडतं. झाडांमागून तो निघाला आणि बशीशी येऊन थांबला. त्याच्या कातडीवर वाळलेला चिखल होता, भेगाळलेला, आणि भेगांत गवताची बी अडकली होती. पापण्या लांब, सरळ, अगदी नाजूक. त्याच्या पोटातून घुरघुर येत होती. ती कानाला जेमतेम ऐकू यायची, पण खुर्चीतून माझ्या पाठीत चढत होती. सोंडेच्या टोकाने त्याने केळं बाजूला सारलं, भाताला नुसता श्वास लावला आणि गूळ उचलला. आधी गूळ.

मामाचे हात जोडलेलेच होते. "आले," एवढंच म्हणाला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

माझा पितरांवर विश्वास नाही. तरी त्या क्षणी मी हसले नाही, आणि आजही हसणार नाही. त्याचा एक डोळा आमच्यावर होता, ओला, तपकिरी. आपल्याला कोणीतरी बघतंय, आणि हे रान त्याचं आहे, हे इतकं स्पष्ट मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

मग त्याने भात संपवला, बशी चघळून टाकली आणि गुळाच्या वासामागे निघाला. आम्ही जेवणाच्या तंबूकडे पळालो. त्याने आमच्या तंबूचं कापड पडदा फाडावा तसं फाडलं आणि मामाची बॅग बाहेर ओढली. रुमालात उरलेला गूळ होता.

कॅम्पच्या लोकांनी गाड्या आणून, पत्रे बडवून त्याला हाकललं. ती प्रमुख बाई आली तेव्हा हसत नव्हती. मामा म्हणाला, "तंबूचं काय ते आम्ही भरून देतो. गेलेल्यांसाठी पान ठेवणं हा आमचा धर्म आहे हो."

"तंबू शिवता येईल," ती म्हणाली. "माणसाच्या घरात गोड मिळतं, हे तो आज शिकला. ते कसं उसवणार? रानाच्या कडेला माझी आई राहते. तिच्या घराशेजारी मक्याची कोठी आहे. तो तिथे गेला तर आई त्याला पत्रे वाजवून घालवेल. परत परत गेला, तर वनखात्याची बंदूक येईल. मग त्याच्यासाठी पान कोण ठेवणार?"

मामेबहीण बापाकडे वळली आणि चक्क मराठीत म्हणाली, "पपा, तुला नियम माहीत होता."

दुसऱ्या दुपारी तो परत आला. तंबू हलवलेला होता. मिरच्या कालवलेलं शेण पेटवून कॅम्पच्या लोकांनी धूर केला होता. तो मोकळ्या जागेशी बराच वेळ उभा राहिला, सोंड जमिनीवरून फिरवत, कालची बशी शोधत. मग धुराला वळसा घालून निघून गेला. घरांच्या दिशेने.

आम्ही विमानात बसलो. मामाला खिडकी मिळाली. ज्याने नियम मोडला त्याला कोणी काही विचारलं नाही. ज्याने समोर ठेवलेलं खाल्लं, तो आता उपद्रवी म्हणून ओळखला जातो. मी ज्यावर पत्रकं लिहिते ते अन्याय याहून फार वेगळे नसतात, फक्त त्यात करणारा माझा मामा नसतो आणि त्याला रडू आलेलं नसतं.

बर्लिनहून मी त्या बाईला विचारत असते. तिचा शेवटचा निरोप असा: तो आईच्या कोठीपर्यंत आला होता, कुडाची भिंत पाडली, कोणाला लागलं नाही. वनखात्याचे लोक येऊन बघून गेलेत. आणखी एकदा आला तर गोळी घालतील. तिने खाली लिहिलं होतं, नवीन पाहुणे आलेत, त्यांच्या बॅगांत काय आहे देव जाणे.

यंदा आपल्या इथल्या मराठी मंडळातले बरेच जण त्याच कॅम्पला निघालेत. सर्वपित्रीचं पान तुमच्या बाल्कनीत वाढा, सीगल येऊ देत. आणि तिथे पोचलात की बॅग उघडा, खडीसाखरेची पुडी, औषधाबरोबर घ्यायचा लाडू, खिशातली लिमलेटची गोळीसुद्धा बाहेर काढा आणि पत्र्याच्या पेटीत द्या. शेजारच्या तंबूतल्यांनी लपवलं असेल तर त्यांनाही काढायला लावा, ते तुमचे मामा असले तरी.