अर्जातला चौथा शब्द

पालिकेच्या कचेरीबाहेर, जिन्याखाली टेबल टाकून ती एकोणीस वर्षं लोकांचे अर्ज टाइप करत होती. सगळे तिला मिरचीताई म्हणत. तक्रार काय ती कोणीही लिहील, पण ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला विशेषणं लावावीत ती तिनंच. नळ तोडणारा शेजारी तिच्या अर्जात ‘उलट्या काळजाचा’ व्हायचा, भिंत दोन विटा सरकवणारा भाऊ ‘कावेबाज’. समोर बसलेला माणूस स्वतःचाच अर्ज ऐकून खूश व्हायचा. “अगदी मनातलं लिहिलंत,” म्हणायचा.

अशाच एक निवृत्त नर्सबाई आल्या. यजमान अंथरुणाला खिळलेले आणि त्यांच्या खोलीच्या बरोबर खाली पत्र्याच्या पेट्या बनवणाऱ्याचं दुकान. दिवसभर ठाक ठाक. सांगायला गेलं की पेटीवाला हातोडा खाली न ठेवताच बोलायचा.

मिरचीताईनं टाइप केलं, ‘सदर इसम मुजोर, पाषाणहृदयी, पाताळयंत्री’, आणि थांबली. वाक्य नुसतंच लोंबकळत होतं.

“मारलंय का त्यानं कधी कोणाला?”

“छे! मारलं नाही. पण भीती वाटते हो.”

तिनं ‘व हिंस्र’ असं टाइप केलं. वाक्याला वजन आलं. नर्सबाई सही करून गेल्या.

पुढच्या आठवड्यात शेजारच्या टेबलावरचा स्टॅम्पवाला म्हणाला, “ताई, काल तुम्ही लवकर गेलात ना, तेव्हा एक जण आला होता. कागद दाखवून विचारत होता, हे कोणी टाइप केलं.”

“मग?”

“सांगितलं तुमचं नाव. मला वाटलं, नवं गिऱ्हाईक.”

“कसा होता?”

“हे असे दंड! आणि पिशवीतून हातोड्याचा दांडा बाहेर आलेला.”

स्टॅम्पवाल्यानंच मग आज सकाळी ऐकलेली बातमी दिली. ‘हिंस्र’ या एका शब्दामुळे कचेरीनं अर्ज पोलिसांकडे धाडला होता, पोलीस दुकानावर गेले होते आणि पेटीवाल्याला अख्खा दिवस चौकीत बसवून ठेवलं होतं.

त्या दिवशी तिची बोटं चुकीच्या अक्षरांवर पडत राहिली. जिन्यावर पाऊल वाजलं की मान आपोआप वर. घरी जाताना ती एक स्टॉप आधीच उतरली आणि मागे बघत बघत गल्लीतून गेली. नवरा ट्रकवर, आठवड्यातले पाच दिवस बाहेर. घरात ती आणि सासूबाई. दाराला कडी लावून तिनं ती दोनदा ओढून पाहिली.

“कोणाला एवढी घाबरतेस?” सासूबाई म्हणाल्या. “माझ्यासमोर चोवीस वर्षं काढलीस की!”

तिला हसू आलं नाही. एरवी आलं असतं.

तीन दिवस काहीच झालं नाही, आणि त्यामुळे भीती आणखी वाढली. चौथ्या दिवशी दुपारी स्टॅम्पवाला जेवायला गेला होता, तेव्हा टेबलावर सावली पडली. समोरच्या स्टुलावर तो बसला. स्टूल करकरलं. पिशवी त्यानं मांडीवर ठेवली आणि अर्जाची झेरॉक्स तिच्यापुढे सरकवली. चार शब्दांखाली लाल रेघा होत्या.

“वाचा,” तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं, असं तिला वाटलं.

ती वाचू लागली. ‘हिंस्र’पाशी शब्द बाहेरच येईना.

“त्याचा अर्थ मला माहीत नव्हता. लेकीला विचारला. तिनं शाळेच्या शब्दकोशात बघून सांगितला. आता मी पत्रा ठोकायला बसलो की ती आतलं दार लावून घेते.” तो पुढे झुकला. “तुम्ही मला कधी पाहिलंत?”

“नाही.”

“मग हा शब्द आणलात कुठून?”

तिनं खरं तेच सांगितलं. “वाक्य… वाक्य रिकामं वाटत होतं. शेवटी एक जोरकस शब्द हवा होता.”

त्याचा हात पिशवीवर होता, आणि तिची नजर त्या हातावरून हलेना.

“खोडा.”

“दाखल झालेला अर्ज खोडता येत नाही.”

“म्हणजे तो राहणार?”

हात पिशवीवर आवळला. ती घाईघाईनं म्हणाली, “मी लेखी देते. तो शब्द माझा, नर्सबाईंचा नाही, आणि तसं काही घडलेलं नाही.”

बोलून गेल्यावर तिला कळलं, यात आपलं टेबलही जाऊ शकतं. पण कागद मशीनमध्ये सरकवलाच. चार ओळींत सहा चुका झाल्या. सही ओळखू येईना इतकी वाकडी आली.

त्यानं कागद घडी करून खिशात घातला आणि उठला.

“बाकीचे तीन शब्द?” तिनं विचारलं. का विचारलं, तिलाच कळलं नाही.

“मुजोर राहू द्या,” तो म्हणाला. “तेवढा मी आहे.”

अर्जाच्या सुनावणीला पालिकेच्या साहेबांनी तिलाही बोलावलं. चष्म्यावरून बघत म्हणाले, “बाई, उद्या तुमच्या एका शब्दापायी कोणी तुरुंगात जाईल. पुन्हा असं झालं तर टेबल उचलायचं.” तिनं लिहून दिलेला कागद बघून चौथा शब्द त्यांनी लाल शाईनं खोडला. पेटीवाल्यानं दुपारी एक ते चार ठोकायचं नाही, असा हुकूम निघाला. तो मुकाट्यानं मान हलवून गेला. नर्सबाईंचे यजमान दुपारी झोपू लागले, पण त्या मात्र रागावल्या. “मी विश्वासानं आले आणि तुम्ही फिरलात,” एवढं तिच्या टेबलापाशी येऊन बोलल्या आणि निघून गेल्या. त्यांची भीती खरी होती, हे मिरचीताईला आता इतर कोणाहीपेक्षा जास्त कळत होतं.

पेटीवाला पुन्हा आला नाही. तरी कित्येक महिने समोर कोणी पुरुष बसला की ती आधी त्याचे हात बघायची.

परवा एक गृहस्थ आले. “माझ्या मेहुण्याविरुद्ध आहे. जरा झणझणीत होऊ द्या.”

“त्यांनी काय केलं ते सांगा,” ती म्हणाली.

सांगून झालं, अर्ज झाला. गृहस्थांनी वाचला, उलटून मागची बाजूही पाहिली. “यात काहीच नाही हो,” म्हणत ते कुरकुरत पलीकडच्या टायपिस्टकडे गेले. तिनं त्यांना थांबवलं नाही.