नावाने अंघोळ

गावाहून कुणी गेल्याचा फोन आला की आई आधी गॅस बंद करायची, मग अंबाडा सोडायची आणि मोरीत जाऊन डोक्यावरून पाणी घ्यायची. गेलेलं माणूस लांबच्या नात्यातलं असलं की तेवढ्यावर सुतक फिटायचं. माझ्या काकाने गावची जागा गुपचूप स्वतःच्या नावावर करून घेतली तेव्हा तो चांगला धडधाकट होता. तरी आई म्हणाली, "त्येच्या नावान मी आंघोळ केलंय." त्यानंतर काकाचा फोन आला की ती मोबाईल माझ्या हातात द्यायची आणि भांडी घासायला बसायची. एखाद्याच्या नावाने अंघोळ केली म्हणजे तो आपल्यापुरता मेला, हे मला लहानपणापासून माहीत होतं. ताईलाही माहीत होतं. तिला ते माझ्याहून जास्त चांगलं माहीत होतं, हे मात्र मला उशिरा कळलं.

मला येशूकडे नेलं ते ताईने. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरात आज हे कुणी कबूल करणार नाही, आणि ताई तर नाहीच नाही. लग्न होऊन ती मालाडला गेली. तिचं पहिलं बाळ पोटातच गेलं आणि सासरी त्या विषयावर जणू कुलूप घातलं गेलं. तिच्याच मजल्यावर राहणारी एक नर्स बाई तिला रविवारच्या प्रार्थनेला घेऊन गेली. "अगं, मी तिथे ढसाढसा रडले," ताई मला म्हणाली, "आणि कुणी गप्प बस म्हणालंच नाही." पुढच्या रविवारी तिने मलाही ओढून नेलं. मी तेव्हा बोरिवलीत एका चष्म्याच्या दुकानात काउंटरला होते. रविवार हाच काय तो माझा झोपायचा दिवस, म्हणून मी वाटभर कुरकुरत गेले.

प्रार्थना एका कोचिंग क्लासच्या हॉलमध्ये व्हायची. बाक भिंतीला लावलेले, फळ्यावर शनिवारची गणितं तशीच. ताई डोळे मिटून गायची. तिचा आवाज चांगला आहे, पण लग्नानंतर मी तो ऐकलाच नव्हता. खरं सांगायचं तर आधी मी त्या आवाजासाठीच जात राहिले. मग तिथली प्रार्थना माझीही झाली. कधी झाली ते नेमकं सांगता येणार नाही. एक दिवस दुकानात एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला चष्म्याचा नंबर लागेना, ते रडकुंडीला आले, आणि मी मनातल्या मनात त्यांच्यासाठी प्रार्थना करत होते. तेव्हा लक्षात आलं की आता आपण नुसत्या ताईच्या सोबतीला येत नाही.

आईला मी जाते हे कळलं होतं. ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ती माझं ताट वाढायची आणि तोंड फिरवून टीव्ही लावायची. ताईही जाते हे तिला माहीत नव्हतं. ताईने मला शपथ घातली होती, "माझं नाव नको घेऊस हं. सासरी कळलं तर वाट लागेल." मी नाव घेतलं नाही. कधीच नाही.

बाप्तिस्मा घ्यायचा हे मी ठरवलं तेव्हा प्रार्थना चालवणाऱ्या आमच्या पाळकांनी मला सरळ परत पाठवलं. नगरकडचे, पिढ्यान्‌पिढ्यांच्या ख्रिस्ती घरातले माणूस, बोलणं रोखठोक. म्हणाले, "घाई करू नका. घरच्यांना सांगितलंय का?" मी म्हटलं, नाही. तर म्हणाले, "मग थांबा. पाण्याने काही होत नसतं. पाण्यात जाणं म्हणजे जुनं आयुष्य पुरणं, आणि वर येणं म्हणजे नव्याने उठणं. हे सगळ्यांसमोर करायचं, कारण ती कबुली असते. लपवून केलंत तर नुसत्या भिजाल."

मी घाबरत होते ती याच गोष्टीला. पाण्याची भीती नव्हती, आईची होती. आईला हे माझ्या तोंडून कळायला हवं, दुसऱ्या कुणाकडून नाही, एवढं माझं पक्कं होतं. ताई म्हणाली, "आपण दोघी मिळून सांगू ना. मी असेन." आपण दोघी मिळून पाणी घेऊ, असंही ती आधी म्हणाली होती. मग ते "पुढच्या वेळी बघू" झालं. मी समजून घेतलं. तिला सासू, दीर, जाऊ, आणि मी सडीफटिंग. प्रत्येकाची वेळ वेगळी असते.

पण टॉवेल धरायचं तिने कबूल केलं होतं.

आमच्या मंडळीत, म्हणजे प्रार्थनेला जमणाऱ्या आम्हा सगळ्यांत, तशी रीत आहे. पाण्यातून वर येताना डोळ्यांत पाणी असतं, काही दिसत नाही. तेव्हा काठावर आपलं माणूस टॉवेल उघडून उभं असतं, आणि नव्या आयुष्यातला पहिला हात त्याचा लागतो. कुणाची बायको असते, कुणाचा मित्र. ज्याचं कुणीच नसतं त्याच्यासाठी मंडळीतलं कुणीतरी उभं राहतं. माझी सख्खी बहीण होती. मला त्याचा केवढा तोरा! दोघींनी जाऊन पिवळा टॉवेल आणला, चांगला जाड. ताई म्हणाली, "नवा टॉवेल पाणी टिपत नाही गं, मी एकदा धुवून आणते." आणि तो पिशवीत घालून मालाडला घेऊन गेली.

आधी मंडळी बाप्तिस्म्यासाठी समुद्रावर जायची. आता जात नाही. कोण लांबून मोबाईल रोखेल आणि त्याखाली काय लिहील याचा नेम नाही. म्हणून हॉलच्या मागच्या चौकात वरचा भाग कापलेली काळी प्लॅस्टिकची टाकी ठेवतात. सकाळी नळाला पाणी असतं तेवढ्या वेळात ती पाइपने भरावी लागते. मी पोचले तेव्हा टाकी भरलेली होती, मुलं तिच्यात हात घालत होती आणि पाळकांच्या पत्नी त्यांना ओरडत होत्या. ताई नव्हती.

मी फोन केला, उचलला नाही. मेसेजला निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. माझ्या आधी एक नवराबायको होते. ते झाले. पाळक माझ्याकडे बघून म्हणाले, "थांबायचं का?" मी दाराकडे बघितलं. "नको," म्हटलं.

त्यांनी विचारलं तशी मी सगळ्यांसमोर उत्तरं दिली. हो, माझा विश्वास आहे. हो, माझ्या मनाने. घरी सांगितलंय का, याला मी म्हटलं, "आज सांगणार आहे. इथून थेट." त्यांनी मान डोलावली. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने त्यांनी मला मागे झुकवलं. कानात पाणी शिरलं. वर आले तेव्हा सगळे गात होते आणि मला खरंच काही दिसत नव्हतं. मी हात पुढे केले. तिथे कुणी नव्हतं. मग पाळकांच्या पत्नींनी धावत येऊन आधीच्या बाईचा ओला टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला. मी खूप आनंदात होते. खोटं का बोलू? तरी त्या ओल्या टॉवेलचा गारठा मला आजही आठवतो.

दहिसरला चाळीत शिरले तर आमच्या दारात आंबोळ्यांचा वास. आई गेले कित्येक महिने रविवारी खिचडी टाकून मोकळी व्हायची. आज तव्यावर आंबोळी, शेजारी काळ्या वाटाण्यांचं सांबारं. आणि कॉटवर ताई बसलेली. बाजूला पिवळा टॉवेल, घडी घातलेला.

"हा घे तुझा टॉवेल. धुतलाय," ती म्हणाली. माझ्या डोळ्यांत बघितलं नाही.

मला वाटलं, ताईने आधी येऊन सगळं सांगितलं. एकटीने, माझ्यासाठी. म्हणून ती तिकडे आली नाही. माझा राग क्षणात उतरला. आईने माझ्या ओल्या केसांवरून हात फिरवला. कित्येक महिन्यांनी.

"येशूच्या नावान आंघोळ करून इलंस मा?"

"हो आई," मी म्हटलं.

"बरा केलंस गो बाय. सुटलंस एकदाची. मी रोज देवाक हात जोडी होतंय. आता तो इषय संपलो." आणि तिने माझ्या ताटात पहिली आंबोळी वाढली.

मला समजायला जरा वेळ लागला. आईच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. मग समजलं. पोरगी येशूच्या नावाने अंघोळ करून आली. काकाच्या नावाने केली होती, तशी. येशू आता मेला आमच्या घरापुरता.

मी ताईला हाताला धरून गॅलरीत नेलं. "काय सांगितलंस तू आईला?"

"हळू बोल ना."

"काय सांगितलंस?"

"मी काय खोटं बोलले? नावानेच केलीस ना अंघोळ? आईला जे समजलं ते समजू दे ना यार. ती खूश, तूही तुझं करून आलीस. कुणाचं काय बिघडलं?"

"तू टॉवेल घेऊन येणार होतीस."

"सासूबाईंनी विचारलं कुठे चाललीस, मी म्हटलं आईकडे. मग आईकडे आले." ती कठड्यावर वाळत घातलेला कुणाचा तरी फ्रॉक सारखा करत राहिली. "हे बघ, तू सांगितलंस की आई विचारणार, तुला तिथे नेलं कुणी? मग?"

म्हणजे असं होतं तर. एवढं डोकं चालवलं होतं. बोलली एकच वाक्य, पण त्यात तिचं नाव झाकलं गेलं, आई खूश झाली, आणि मी ज्याच्यासाठी पाण्यात उतरले त्यालाच मी सोडून आले असं ठरलं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. परक्या माणसाने केलं असतं तर मी चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. आपलेच दात, आपलेच ओठ. सांगायचं कुणाला?

मी आत गेले. आंबोळी ताटात गार होत होती. खाल्ली असती तर आई पुन्हा माझ्याशी बोलू लागली असती. मला ती आंबोळी हवी होती, हे मी कबूल करते. मला माझी आई हवी होती.

"आई," मी म्हटलं, "तसं नाही ते. त्याला सोडून नाही आले. त्याची होऊन आले."

आईला पहिल्यांदा कळलंच नाही. मी पुन्हा सांगितलं. तिने गॅस बंद केला.

मग ती माझ्याकडे नाही, ताईकडे वळली. "तू माका काय सांगलंस?"

मी ताईकडे बघत होते. अजूनही वेळ गेली नव्हती. ती नुसती गप्प राहिली असती तरी मी झालेलं सगळं विसरले असते. ताई म्हणाली, "मला काय माहीत? मला जे कळलं ते मी सांगितलं. मी कुठे जाते तिथे?"

आपल्या गुरूला ओळखत नाही म्हणणाऱ्या शिष्याची गोष्ट आम्ही दोघींनी त्याच हॉलमध्ये शेजारी बसून ऐकली होती. त्या गोष्टीत त्याने नाकारताच कोंबडा आरवतो. दहिसरच्या चाळीत कुठला कोंबडा! शेजारी कुकरची शिट्टी झाली, एवढंच. आईचा ताईवर विश्वास बसला. तिने माझ्याकडे पाहिलं, मीही काही बोलेन म्हणून वाट पाहिली. मी शपथ मोडली नाही. का मोडली नाही, हे मला अजून कळलेलं नाही. त्या वेळी तो मोठेपणा वाटला होता. आता नुसता राग येतो.

आईने अंबाडा सोडला. केस पाठीवर पडले. ती मोरीत गेली आणि पडदा ओढला. बादलीत नळ सुटला. मग तांब्या. पहिला तांब्या पडला तेव्हा मी भिंतीला टेकले. आवाजावरून कळतं डोक्यावरून घेतलं की खांद्यावरून. लहानपणापासून ऐकत आले होते.

मी कॉटच्या अलीकडे उभी, ताई पलीकडे. आमच्यामध्ये तो टॉवेल.

"टॉवेल दी गो," आतून आई म्हणाली. नाव घेतलं नाही, पण त्या घरात तिची एकच मुलगी उरली होती.

पडद्याच्या फटीतून आईचा ओला हात बाहेर आला. डोळ्यांत पाणी असणार, चाचपडत होता. ताईने कॉटवरचा पिवळा टॉवेल उचलला, घडी मोडली, आणि दोन्ही हातांनी उघडून पडद्याशी जाऊन उभी राहिली.