गुणाजीचे उपास

मुंबईतल्या असल्फ्याच्या टेकडीवरची पोरं गुणाजीला आजोबा म्हणायला लागली, तेव्हा तो चाळिशीत नुकता शिरला होता. आधी त्याला गंमत वाटली. पोरांना चिडवायला कोणीतरी म्हातारा लागतोच, असं तो म्हणे आणि बोळकं पसरून हसे. मग पोरांच्या आयाही ‘आजोबांना वाट द्या रे’ म्हणू लागल्या. त्यातल्या निम्म्या त्याच्याहून वयाने मोठ्या होत्या. तेव्हा मात्र तो हसेनासा झाला.

गुणाजी मालवणकडचा. बाप तापाने लवकर गेला. आईला हा एकच मुलगा. सतराव्या वर्षी तो मुंबईला आला, पडेल ते काम केलं, आणि मग साकीनाक्याजवळच्या एका स्टोव्हच्या कारखान्यात पॅकिंगला लागला. पितळी स्टोव्ह पेंढ्यात गुंडाळायचे, खोक्यात बसवायचे, वर फळी ठोकायची. हे काम त्याने तेवीस वर्षं केलं. त्याने भरलेल्या खोक्यातला स्टोव्ह कधी चेपून परत आला नाही. पण त्याबद्दल कोणी त्याची पाठ थोपटली असंही नाही.

पगार हातात आला की त्याला आधीच वाटा फुटलेल्या असत. पहिली गावाकडची, आईच्या मनीऑर्डरची. मग खोलीचं भाडं, मग मुलीची, क्षमाची, शाळा आणि तिचं पावशेर दूध, मग वाणी. यातून उरेल त्यात गुणाजीने आणि त्याच्या बायकोने, वनमालाने, भागवायचं. जगात पोट ही एकच जागा अशी आहे की तिचं देणं थकवलं तरी कोणी दारात येऊन शिव्या देत नाही. गुणाजीने ते ओळखलं आणि तिथेच काटकसर सुरू केली.

त्याने उपास धरले. आधी सोमवार, मग गुरुवार आणि शनिवार, शिवाय एकादशी, चतुर्थी आणि जे जे पंचांगात सापडेल ते. साबुदाणा, शेंगदाणे, तूप हे लाड श्रीमंतांच्या देवाचे. गुणाजीच्या उपासाला चहा पुरे. कारखान्यात त्याला सगळे बुवा म्हणायचे, त्याच्या हातचा अंगारा मागायचे. त्याला लाज वाटे, पण तो गप्प राही. देवाला सगळं कळत असणार आणि तो कोणाला सांगणार नाही, एवढा त्याचा देवावर विश्वास होता.

दात दुखला की भरून घ्यायला पैसे पडायचे आणि उपटून टाकायला थोडके, म्हणून तो उपटून घेई. डोळ्यांना धूसर दिसायला लागलं, तर फुटपाथवरचा चष्मा लावून बघितला आणि त्यातल्या त्यात बरा दिसतो तो घेतला. खोकला झाला की तो आपोआप जाण्याची वाट बघायची. साकीनाक्यापर्यंत जाऊन येऊन पायीच. पाठ खोक्यांनी वाकवली असं तो म्हणे, पण त्याच खोक्यांवर काम करणारे दुसरे लोक सरळ चालत होते. ते जेवत होते, एवढाच फरक.

गावाला तो नऊ वर्षांत गेला नव्हता. गणपतीला जायचं म्हणजे चौघांत दिसण्यापुरते कपडे, आईला लुगडं, वाटखर्च. त्यापेक्षा ते पैसे तो मनीऑर्डरीत घाली आणि खालच्या चिटोऱ्यावर कोणाकडून तरी लिहून घेई, मी खुशाल आहे, रजा मिळत नाही. आई ते पोस्टमनकडून वाचून घेई. मुलगा मुंबईत नोकरीला आहे, त्याला काय कमी, असं तिला वाटे. त्यात तिची चूक नव्हती. त्याने तिला तेच कळवलं होतं.

शहाऐंशी साली कारखान्याला नवा मालक आला. घरोघर गॅस आले होते, स्टोव्ह कोण घेतो? माणसं कमी करायची होती. अठ्ठावन्न वर्षं झालेल्यांना घरी पाठवायचं ठरलं आणि ज्यांच्याकडे जन्माचा दाखला नाही त्यांना डॉक्टरपुढे उभं केलं. गुणाजी शाळेत गेलाच नव्हता. भरतीच्या वेळी मुकादमाने त्याच्या वयापुढे नुसतं ‘जवान’ असं लिहिलं होतं. डॉक्टरने त्याच्या डोळ्यात बॅटरी मारली, आ करायला लावलं, पाठ चाचपली, खोकला ऐकला आणि लिहिलं, वय अंदाजे एकोणसाठ.

डॉक्टर खोटारडा नव्हता. त्याने जे पाहिलं ते लिहिलं. शरीर एकोणसाठ वर्षांचंच होतं, फक्त गुणाजी पंचेचाळीस वर्षांचा होता.

म्हणजे हक्काची तेरा वर्षं गेली. क्षमा नववीत होती. आणि साठीचा दिसणारा माणूस दुसरीकडे काम मागायला गेला तर त्याला दारात तरी कोण उभं करणार? गुणाजी हादरला. युनियनच्या धोंडू परबने त्याला बाजूला घेतलं आणि विचारलं, “आई हयात आहे ना रे तुझी? मग तिलाच आण. आईपेक्षा मोठा दाखला कुठला असतो?”

गुणाजीने गावी पत्र टाकलं आणि ठरल्या दिवशी कुर्ल्याच्या एसटी स्टँडवर जाऊन उभा राहिला. त्याची आई, सोनूबाई, डोक्यावर बोचकं घेऊन ताठ उतरली. एकसष्ट वर्षांची होती, पण तिच्या माहेरच्या सगळ्याच बायकांसारखे तिचे केस अजून काळे होते आणि दात शाबूत. शेतात राबलेली, वेळेवर पेज आणि भात जेवलेली बाई. तिने गर्दीवरून नजर फिरवली, ती गुणाजीवरून सरकली आणि पुढे गेली. त्याने हाक मारली, “आये, मी हय.” ती वळली आणि बराच वेळ नुसती बघत राहिली. प्रवासाने तिचे डोळे शिणलेत, असं गुणाजीने मनाशी ठरवलं. तिचे डोळे लख्ख होते.

घरी तिने बोचकं सोडलं. त्याला लहानपणी जत्रेतला खाजा आवडायचा म्हणून ती पुडाभर खाजा घेऊन आली होती. कुरकुरीत, गुळाचा, आल्याचा. गुणाजीने एक तुकडा तोंडात धरला, चघळल्यासारखं केलं आणि तिची पाठ वळल्यावर हळूच काढून खिशात टाकला. वनमालाने ते पाहिलं आणि ती चूल सारवायला लागली, जी सकाळीच सारवून झाली होती.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, दोघं कारखान्यात गेली. लेबर ऑफिसर तरुण होता आणि मनाने चांगला होता, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्याचा राग येईल. गुणाजीला पाहून तो उठला. आई आली का, म्हणाला. म्हातारीला जिना चढवू नकोस, मीच खाली येतो.

“ही आई,” गुणाजी म्हणाला.

साहेबाने सोनूबाईकडे पाहिलं, मग गुणाजीकडे पाहिलं, आणि पुन्हा तिच्याकडे. मग तो परत खुर्चीत बसला आणि त्याने आवाज खाली आणला. “गुणाजी, ही तुझी धाकटी बहीण आहे ना?”

सोनूबाईला वाटलं, आपलं बोलायचं आलं. तिने वाटभर घोकून ठेवलं होतं. “हो माझो झील,” ती म्हणाली. “रामदास बोट बुडाली, त्या पावसात हेचो पयलो दात पडलो. शेणात घालून मीच तो कौलार उडयलंय.” बोट बुडाली ती सत्तेचाळीस साली, म्हणजे तेव्हा तिचा लेक सहा वर्षांचा.

बोलताना तिचे दात दिसत होते. सगळे, पांढरे, एका ओळीत. शेजारी गुणाजी ओठ मिटून उभा होता. साहेबाने मान हलवली. आई असेल तर तुझी अशी दशा कशी झाली, त्याने विचारलं. पगार तर सगळ्यांसारखाच मिळतो. “दारू पितोस?”

आता सांगायचं होतं ते एवढंच, की साहेब, मी जेवलो नाही. तेवीस वर्षांत अर्धे दिवस मी जेवलो नाही, आणि पहिला घास जिच्याकडे जात होता ती ही माझी आई, म्हणून ती अशी आहे आणि मी असा. हे बोलला असता तर साहेबाला कदाचित पटलं असतं. नोकरीही राहिली असती. शब्द त्याच्या जिभेवर आले होते. पण सोनूबाई तिथेच उभी होती, पदर सावरून, लेकाची बाजू मांडल्याच्या समाधानात. तिच्यासमोर तिने खाल्लेल्या भाताचा हिशोब कसा मांडायचा?

“होय साहेब,” गुणाजी म्हणाला. “पितो.”

आयुष्यात त्याने दारूचा थेंब चाखला नव्हता.

साहेबाने गुणाजीचा कागद बाजूला ठेवला. मग म्हणाला, “दारूने माणूस खराब होतो रे, पण आईपेक्षा म्हातारा होत नाही. इतकी वर्षं इमानाने काढलीस. जाताजाता खोटी आई उभी करायला नको होतीस. मी हे वर कळवत नाही. जा.”

खोटी आई. गुणाजी जिना उतरला तो कठड्याला धरून. त्याला नोकरी गेल्याचं दुःख नंतर झालं. आधी झालं ते या शब्दाचं, कारण तो सोनूबाईच्या कानावर पडला होता.

घरी तिने बघायला सुरुवात केली. शनिवार म्हणून गुणाजी जेवला नाही. रविवारी बसला, पण एक भाकरी झाली आणि वनमालाने दुसरी पुढे करण्याआधीच त्याने ताटावर हात आडवा धरला. तो हात सवयीचा होता. वनमालाही भाकरी पुढे करण्याचं नुसतं नाटक करत होती, कारण टोपलीत क्षमापुरतीच उरली होती. सोनूबाईने आपल्या ताटात बघितलं. तिथे दोन होत्या. त्या तिच्याने खाववल्या नाहीत. एका दिवसात ती बाई खचली, मी म्हणतो, आणि ते गुणाजीला टाळता आलं नाही. ते टळावं म्हणूनच त्याने नोकरी घालवली होती.

सोमवारी तो तिला स्टँडवर पोचवायला गेला. गाडीला वेळ होता. दोघं बाकावर बसली. समोर चहाची गाडी होती. सोनूबाई समोर बघत म्हणाली, “तू दारू पियत नाय. मी तुझी आवस आसंय, माका सांगा नको.” मग त्याच्याकडे वळून तिने विचारलं, “झिला, तू जेवत नाय होतंस?”

गुणाजीने चष्मा काढला आणि सदऱ्याने पुसत बसला.

सोनूबाई उठली, चहा घेतला आणि बशी मागून घेतली. मग गुणाजीच्या खिशात हात घातला. शुक्रवारचा खाज्याचा तुकडा अजून तिथेच होता. तिला तेही ठाऊक होतं. तिने तो बशीतल्या चहात बुडवला, मऊ होईपर्यंत वाट पाहिली आणि बोटांनी कुस्करून त्याच्या तोंडापाशी नेला.

“आये, आज सोमवार,” गुणाजी म्हणाला. “उपास आसा.”

“खा,” ती म्हणाली. “तुझो उपास आज मी मोडतंय. आणि ह्या पुढे माका पैसे धाडू नको. इले तर परत करतलंय.”

शेजारच्या बाकावर एक बाई मुलाला घेऊन बसली होती. म्हाताऱ्याला भरवणाऱ्या या बाईकडे ती कौतुकाने बघत होती. भाऊ का तुमचे, तिने विचारलं, आजारी आहेत वाटतं.

“झील,” सोनूबाई म्हणाली. “पंचेचाळीस वर्सांचो.” ती बाई ओशाळून हसली आणि तिने तोंड फिरवलं. तिला काही ते खरं वाटलं नाही. सोनूबाईने पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने, मग चहावाल्याला सांगितलं, मग तिकिटं तपासत आलेल्या कंडक्टरला सांगितलं, हो माझो झील, रामदास बोट बुडाली त्या पावसात हेचो पयलो दात पडलो. ऑफिसात एकदाच सांगितलेलं ती आता येईल जाईल त्याला सांगत होती, आणि बोटं चहात बुडवून एकेक घास भरवत होती.

गुणाजी रडत होता आणि खात होता. बशी संपेपर्यंत त्याने ताटावर धरतो तसा हात आडवा धरला नाही.