दोन लाखांची बैठक

वनाला लिहिता येत नव्हतं, पण मोजता येत होतं. आणि मोजल्याशिवाय तो बोलत नसे.

धुळ्यापासून दोन कोसांवर, पांझरेच्या काठी भोकरदे गाव. नदीवर दगडी बंधारा, बंधाऱ्याचा पाट, पाटाच्या पाण्यावर गावाची शेती. दर साली चैतात, पावसाच्या आधी, पाटाचे बांध धरायचे. त्या कामाला आधी वनाला बोलावत, मग बाकीच्यांना. तरुणपणी तो भुसावळकडे रेल्वेच्या भरावावर होता. मातीचा थर किती जाड टाकायचा, पाणी किती मारायचं, माती ठोकायचा धुमस किती वेळा उचलायचा, हे तो तिथे शिकला. तिथेच साहेब लोकांना फुटबॉल खेळताना त्याने पाहिलं होतं. कडेला शेदोनशे माणसं उभी असत.

म्हणून पन्नास सालच्या भादव्यात धुळ्याच्या देवपुरात रतिलाल शिंप्याने जुना पेपर मोठ्याने वाचला, तेव्हा दुकानातले सगळे हसले आणि वना हसला नाही. ब्राझील नावाच्या देशात फुटबॉलसाठी जगातलं सगळ्यात मोठं क्रीडांगण बांधलं आहे, तिथे जवळजवळ दोन लाख माणसं बसून खेळ बघतात, असं पेपरात होतं.

"धुळं, जळगाव, दोन्ही गावं उचलून तिथे बसवली तरी जागा उरेल," रतिलाल म्हणाला. "थापा मारायच्या तर अशा माराव्यात."

"उभा ऱ्हातस का बठतस, ते नीट वाच," वना म्हणाला.

"बसतात, असंच लिहिलंय बाबा. माझ्यावर कशाला डोळे काढतोस? मी नाही बांधलं ते."

वना कोपरीचं माप द्यायला आला होता. ते न देताच निघाला.

दुसऱ्या दिवशी तो देवपुरातल्या शाळेत गेला. तिथले ड्रिलमास्तर रुपचंद त्याच्या ओळखीचे. त्यांच्याकडून फुटबॉलच्या मैदानाची लांबी-रुंदी घेतली आणि तडक नदीत उतरला. वाळूत खुंटी ठोकली, दोरी बांधली, दहा हातांना एक वीत धरून मैदान आखलं आणि भोवती फेरे काढत सुटला. पहिला फेरा हिशेबाने आठशे हातांचा निघाला. मग त्याने स्वतः वाळूत मांडी घातली, एका गुडघ्यापासून दुसऱ्यापर्यंत काठी धरली. दीड हात. म्हणजे पहिल्या ओळीत साडेपाचशेसुद्धा नाहीत. मागची ओळ पुढचीपेक्षा मोठी, तेही त्याने सोडलं नाही. एकामागे एक शंभर ओळी धरल्या. खडे मांडून मांडून संध्याकाळ झाली.

ऐंशी हजार.

"मंग बाकीना एक लाख वीस हजार कोठे बठतस?" घरी आल्यावर त्याने पाणीसुद्धा न पिता विचारलं.

पुष्पाबाई, त्याची बायको, भाकरी थापत होती. "आपला घरमा चार मानसं जेवाले धड बठतस नहीत," ती म्हणाली, "अन् तुम्ही दोन लाख बठाडी ऱ्हायनात. हात धुवा."

आठवडाभर त्याने तोच प्रश्न भेटेल त्याला विचारला. लोक त्याला 'दोन लाख' म्हणू लागले. शेवटी तो पुन्हा रुपचंद मास्तरांकडे गेला. मास्तर वर्गात बाकावर बसले होते. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "वनाभाऊ, तुम्ही मांडी घातलीत. ते लोक मांडी घालत नाहीत. पायऱ्यांवर बसतात, पाय खाली सोडून."

वनाने काठी मास्तरांच्या कमरेमागे धरली. बरोबर एक हात.

पाय खाली सोडला की माणूस एका हातात मावतो! त्याने नवे खडे मांडले. ऐंशी हजारांचे एक लाख वीस हजार झाले.

"तिथे बरेच जण उभेही असतात म्हणे," मास्तर म्हणाले. "आणि एकावर एक मजले आहेत."

"मंग उभ्याले बठेल म्हनू नही," वना म्हणाला. पण चेहरा खुलला होता.

हे सगळं इथेच संपलं असतं. पण गावापुढे यात्रा होती.

माघी पुनवेला भोकरद्याची यात्रा आणि कुस्त्यांची दंगल. आदल्या साली मागच्यांना दिसेना म्हणून ते रेटत पुढे आले, दोर तुटला, गर्दी आखाड्यात शिरली आणि शेवटची कुस्ती अर्ध्यावर राहिली. पहिलवान रागावून गेले. नदीपलीकडच्या गावाने दंगल मागितली होती. या साली पुन्हा गोंधळ झाला तर ती तिकडे जाणार, असं ठरलं होतं. झुलालआबा यात्रेचे पंच. सत्तरीचे, पांढरं पागोटं, शब्दाला वजन. त्यांनी चावडीवर लोक जमवले.

वना उठला. नदीकाठी विटांसाठी माती काढून काढून बशीसारखा खड्डा झाला होता. मध्ये आखाडा धरायचा, भोवती उतारावर दहा पायऱ्या पाडायच्या. "दोन हजार मानूस बठी, अन् बठ्ठास्ले दिसी, मांगलास्ले बी," तो म्हणाला.

मागून कोणी तरी ओरडलं, "दोन लाखना दोन हजारवर उना रे!" चावडी हसली.

आबा हसले नाहीत. "वना, तोंडघाईमा तं नही बोलना?"

"नही आबा. मोजीसन बोलनू. दोन हजार नही बठनात तं पुढला सालपाईन बांधना कामले मन्हं नाव लेऊ नका."

आबांनी मान डोलावली. बांधाचं काम सोडलं तर गावात वनाला दुसरी ओळख नव्हती.

काम दिवाळीनंतर सुरू झालं. श्रमदान होतं, पण वनाच्या हाताखाली श्रमदान म्हणजे चैन नव्हे. पायरी कापायची, भरायची नाही. कापलेली टिकते, भरलेली बसते. जिथे भरावीच लागली तिथे चार बोटांचा थर, त्यावर पाणी, त्यावर धुमस. टाच आपटून खूण उमटली तर पुन्हा. सातव्या पायरीचा पूर्वेकडचा तुकडा त्याने तीनदा उकरायला लावला. पायरीची उंची गुडघ्याच्या खाली चार बोटं, खोली सव्वा हात. बायका माती वाहत होत्या. पुष्पाबाई पाटी उतरवून म्हणाली, "ब्राझीलना बायका बी अशाच मरतस का, इचारा मास्तरले." सगळ्या हसल्या. वनाने खरंच विचारलं. 

माघी पुनवेला दुपारी लोक यायला लागले. आसपासच्या वीस गावांचे. पांढऱ्या टोप्या, पागोटी. वना वरच्या कडेला काठी घेऊन उभा होता. पहिली ओळ झुलालआबांची आणि म्हाताऱ्यांची, ती मानाची. त्यामागे बाप्ये, त्यामागे जवान, सगळ्यात वर पोरंटोरं. पायऱ्या भरत गेल्या आणि वना मोजत गेला.

प्रत्येक माणूस यायचा, वहाणा काढायचा, पायरीवर टेकायचा, आणि पाय वर घेऊन मांडी घालायचा.

दीड हात. दीड हात. दीड हात.

तेराशे माणसांत दहाही पायऱ्या भरल्या. पाच-सहाशे जण कडेवर उभे राहिले आणि मागून आणखी येत होते. मागचे पुढच्यांना रेटू लागले. वरच्या पायरीवरची दोघं-तिघं घसरून खाली आली. आखाड्याचा दोर हलला.

वना धावत पायऱ्यांच्या मधल्या वाटेने खाली उतरला. "पाय खाले सोडा रे! पाय सोडा, सरका! बठ्ठास्ले जागा शे!"

तिसऱ्या पायरीवरचा निंबा, चांगला दांडगा गडी, खाली बोट दाखवत म्हणाला, "कोन्हा पाठवर सोडू, वनाभाऊ? आठे खाले मन्हा बाप बठेल शे."

"मन्हा खाले मामा शे," शेजारचा म्हणाला.

"अन् आबाना पाठले कोन पाय लावी? तू लाव!"

वना थबकला. त्याने माणसाची कंबर मोजली होती, गुडघा मोजला होता, पाऊल पायरीवरून किती खाली येतं तेही मोजलं होतं. ते पाऊल खालच्याच्या पाठीशी येतं, हेही त्याला ठाऊक होतं. ती पाठ कुणाची, एवढंच त्याने धरलं नव्हतं.

वर पुन्हा रेटारेटी झाली. दोराचा एक खुंटा वाकला.

वना आबांसमोर गेला आणि वाकून म्हणाला, "आबा, तुम्ही वर चला."

"कोठे वर?"

"सगळाथीन वर. दहावी पायरी."

"मी?" आबांचा आवाज चढला. "तीस साल पहिली ओळ मन्ही शे. पोऱ्यास्ना जागे जाईसन बठू?"

"तुम्ही वर गयात तं बठ्ठा म्हातारा वर येतीन. मंग जवान खाले, पोऱ्या त्यास्ना बी खाले. म्हातारास्ना पाय जवानस्ना पाठशी उनात तं कोन्ही बोलाव नही. आते उलटं शे, म्हनीसन बठ्ठा मांडी घालीसन बठेल शेतस."

"अन् मी नही गऊ तं?"

"तं दंगल पलीकडे गई."

 आबा काठी टेकून उठले. पहिल्या पायरीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर, एकेक पायरी चढताना गुडघ्यावर हात ठेवत. कोणी हात द्यायला गेलं तर झटकला. पाचव्या पायरीवर थांबून दम घेतला.  आबा दहाव्या पायरीवर पोचले, वळले, बसले आणि दोन्ही पाय खाली सोडले.

मग बाकीचे म्हातारे उठले. सगळ्यांना उठवून, वर-खाली करून पुन्हा बसवायला अर्धा तास गेला. बाप वर, पोरगा खाली. मामा वर, भाचा खाली. पाय सुटत गेले आणि एकेका पायरीवर जागा निघत गेली. कडेवरचे आत आले. अगदी खालच्या ओळीतल्या पोरांनी मात्र पाय पुढे केले नाहीत. समोर आखाड्याची पूजलेली माती होती. पोरं उकिडवी बसली, आणि तशी एका हातात मावली.

नारळ फुटला. कुस्त्या लागल्या. शेवटची कुस्ती सूर्य टेकेपर्यंत चालली, आणि चीतपट झाली. दोर जागचा हलला नाही.

मधल्या वेळात वना प्रत्येक पायरीच्या टोकाला जाऊन डोकी मोजत होता. कुस्ती त्याने एकही धड बघितली नाही.

शेवटी बाकीचे पंच आखाड्यात उभे राहिले. दंगल मागणाऱ्या पलीकडच्या गावाचे दोघे जणही निकाल ऐकायला आले होते. आबा वरूनच ओरडले, "मी आठेच बठसू आते! आठून दोन्ही पहिलवानस्ना पाय दिसतस. तीस साल खाले बठीसन नुसत्या पाठी देख्यात मी." लोक हसले. मग आबांनी आवाज चढवून सांगितलं, "वनाना दोन हजार बठनात! दंगल भोकरदामाच ऱ्हाई!"

टोप्या उडाल्या. पलीकडच्या गावाचे दोघे वहाणा शोधू लागले.

वना मधल्या वाटेत उभा राहिला. "नही आबा," तो म्हणाला. "अठराशे चाळीस."

टोप्या उडायच्या थांबल्या. निंबा दबक्या आवाजात म्हणाला, "चूप बठ ना, भाऊ. कोन मोजस?"

"मी मोजं. अठराशे चाळीस बठनात. एकशे साठ कडेवर उभा व्हतात, शेवटलोंग." त्याने काठी खाली ठेवली. "मी दोन हजार बोलनू व्हतू."

सगळे आबांकडे बघत होते.  आबा पाय हलवत होते.

"उभा व्हतात, त्यास्ले दिसनं का?" त्यांनी विचारलं.

"दिसनं."

"पुढला साल बठाडशी?"

वनाने वरच्या कडेकडे बघितलं. माती कुठे कठीण आहे, कुठे भुसभुशीत, हे त्याला पाठ होतं. "अजून एक पायरी पाडनी पडी. तुम्हना मांगे."

"मन्हा मांगे कोन बठी मंग?" आबा म्हणाले. "मन्हापेक्षा म्हातारा गावमा एकच शे, तो बी बहिरा. पाड. पन आधी बांधनं काम कर. चैत मांगे लागेल शे."